हिरवी डबी आणि दातांचा डॉक्टर

स्वतःच्या वस्तूला हात लावायला माणसाला परक्याची परवानगी लागावी, असा दिवस संघमित्रा गमरेच्या आयुष्यात मार्चच्या शेवटच्या शनिवारी उजाडला.

लॅमिंग्टन रोडला बाबुरावांचं रिपेअरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या फटीत एक काउंटर, एक दिवा आणि बाबुराव. त्या काउंटरवर तिनं हिरवी डबी ठेवली. पायानं दाबायची, अर्ध्या विटेएवढी लोखंडी डबी. एका बाजूनं गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते आणि मधल्या मधे आवाजाचं रूप बदलतं. गिटारवाले तिला पेडल म्हणतात. गमऱ्यांच्या घरी ती चाळीस वर्षं डबीच होती, आणि तिच्यातून गिटार नाही, बेंजो वाजायचा. कळा दाबून, तारा छेडून वाजवायचा तो मिरवणुकीतला बेंजो.

"मधेच आवाज जातो, काका. खरखर येते. चौदा एप्रिलच्या आत पाहिजे."

बाबुरावांनी मान डोलावली, मागचे चार स्क्रू काढले, सोल्डरिंग आयर्न उचललं... आणि शेजारून कुणीतरी म्हणालं, "थांबा. प्लीज. हात लावू नका."

संघमित्रानं वळून बघितलं. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात बटणांची छोटी प्लास्टिकची पिशवी, आणि चेहरा असा की समोर कुणाचातरी अपघात होतोय.

"तुम्हाला कळतंय का हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"माझ्या पप्पांची डबी आहे."

"जपानी फझ आहे हा, आवाज मुद्दाम फाडणारं पेडल. त्र्याहत्तरचा, फार तर चौऱ्याहत्तरचा. ही अक्षरं बघा, हे बटण बघा... मुंबईत दुसरा असेल की नाही कुणास ठाऊक." तो वाकला. "आणि हे निळं काय चिकटलंय?"

"नीळ आहे. जयंतीची."

"म्हणजे तुम्ही... वापरता हा?"

"नाही. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती ओवाळते."

बाबुराव खाली मान घालून हसले. मग म्हणाले, "हा विहंग विजयकर. राहायला गिरगावात, दादरला दातांचा दवाखाना. डोक्यानं थोडा सरकलेला आहे, पण हात साफ आहे. माझी नजर आता बारीक कामाला चालत नाही, पोरी. त्याच्याकडे दे. पैसे पण घेणार नाही, उलट तूच मागितलेस तर देईल."

"माझ्याकडे त्रेचाळीस आहेत," विहंग म्हणाला. सांगताना त्याची मान थोडी ताठ झाली.

"त्रेचाळीस? वाजवता कधी?"

"वाजवून झिजतात."

आता या माणसाला काय म्हणावं? संघमित्रानं कपाळावर हात मारला नाही, एवढंच. पण चौदा एप्रिलला सतरा दिवस राहिले होते आणि बाबुराव हात वर करून मोकळे झाले होते. ती म्हणाली, "ठीक आहे. पण मोकळ्या हातानं देणार नाही. तुमचं काहीतरी ओलीस ठेवा."

त्यानं बॅगेतून एक नारिंगी पेडल काढलं. तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं दिलं. "ओल्या हातानं धरू नका. उन्हात ठेवू नका. वर काहीही ठेवू नका."

तिनं त्याच्यासमोरच ते पेडल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याखाली सरकवलं आणि चालायला लागली. मागून एक बारीकसा "अहो..." ऐकू आला. तिनं वळून बघितलं नाही, पण चिंचपोकळीला पोचेपर्यंत तिला दोनदा हसू आलं, आणि दोन्ही वेळा तिनं ते दाबलं.

* * *

आता डबीचं एवढं काय, असं कुणी विचारेल. तर ऐका.

संघमित्राचे वडील गंगाधर गमरे हे 'उजेड गायन पार्टी'चे बेंजोवाले. दर चौदा एप्रिलला पार्टीचा ट्रक चिंचपोकळीहून निघतो, लालबाग, परळ, हिंदमाता करत दादरला पोचतो, आणि चाळीस वर्षं त्या ट्रकवर गंगाधर बसत आले. त्यांच्या बेंजोचा आवाज जरा घोगरा, जरा भांडखोर. गल्लीच्या तोंडाशी तो आला की म्हातारीकोतारी पण गॅलरीत यायची. 'गमऱ्याचा ट्रक आला' हे बघायला लागायचं नाही, ऐकूनच कळायचं. गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, काठी लागते इतकंच, पण उजवा हात कायमचा रुसला.

यंदा ट्रकवर संघमित्रा बसणार होती. लहानपणापासून बापाच्या मांडीवर बसून शिकलेली, हातात वीज असलेली पोरगी. पार्टीतल्या जुन्या लोकांचं म्हणणं पडलं, "बसू दे. पण आवाज तोच पाहिजे. नाहीतर विकासला सांगू." विकास म्हणजे तिचाच लांबचा चुलतभाऊ. त्याच्याकडे नवीन मशीन होतं, शंभर आवाजांचं. तिला त्या मशीनचा नुसता उल्लेख झाला तरी दात-ओठ खावेसे वाटायचे. बापाची जागा घरातून जाऊ द्यायची नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

बाकी ती परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. दीड वाजता जेवणाची सुट्टी. आणि सोमवारपासून बरोबर दीडला फोन यायला लागला.

"नारिंगी कशी आहे?"

"बरी आहे. आत्ताच जेवली."

"चेष्टा नको हो. वर काही ठेवलं नाहीत ना?"

"छे. फक्त चहाचा कप."

पलीकडून अगदी हळू, "...गरम?"

"थंड चहा पितात का तुमच्या गिरगावात?"

मंगळवारी त्यानं डबीच्या आतला फोटो पाठवला: हे बघा, इथे गंज. बुधवारी सांगितलं, आत एक मेलेलं झुरळ सापडलं, बहुतेक ऐंशीच्या दशकातलं. ती म्हणाली, जपून ठेवा, ओरिजिनल असेल. तो इतका हसला की मागे खुर्चीवर आ वासून बसलेला पेशंटही हसल्यासारखा आवाज आला.

"पेशंट तसाच ठेवून फोन करताय?"

"भूल दिलीय. दहा मिनिटं लागतात चढायला."

"लाज वाटते का? मी दिवसभर लोकांचं रक्त काढते, पण मधे फोन नाही करत कुणाला."

"मग मी करतो ना. तू नको करू." आणि मग गडबडून, "सॉरी. तुम्ही."

"राहू दे," ती म्हणाली. "अहो-जाहोनं वैताग येतो मला. दात काढणाऱ्यानं तोंड उघडायला एवढं घाबरू नये."

गुरुवारी ती एक पंचवीसलाच डबा उघडून, फोन समोर ठेवून बसली. आपण काय करतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच एवढा राग आला की तिनं फोन उलटा ठेवला. दीडला वाजला. पहिल्याच रिंगला उचलला.

* * *

रविवारी संध्याकाळी चाळीच्या समाज मंदिरात तालीम होती. विहंग डबी घेऊन तिथेच आला. चपला बाहेर ठेवून, गुंडाळलेलं पुडकं छातीशी धरून, सगळ्यांना नमस्कार करत. गंगाधर खुर्चीवर, ढोलकीवाले राजाराम सतरंजीवर, बाकी तीन-चार म्हातारे भिंतीला टेकून. त्यानं पुडकं सोडलं आणि डबी बाहेर काढली. संघमित्रानं ती डबी इतकी हिरवी कधी बघितलीच नव्हती. नीळ गेलेली, गंज गेलेला, अक्षरं स्वच्छ.

"फॅक्टरीतून आल्यासारखी केलीय," तो म्हणाला. डोळे चमकत होते. "आत कीडच लागली होती म्हणा ना. कुणीतरी अडाण्यानं भलताच एक ट्रान्झिस्टर, एवढासा तीन पायांचा तुकडा, ठोकून ठेवला होता, तो उपटला. त्या काळातला, त्याच कंपनीचा घातला. आता शंभर टक्के ओरिजिनल."

राजारामचा ढोलकीवरचा हात थांबला. पण संघमित्राचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं वायर लावली, डबी पायानं दाबली, आणि तार छेडली.

आवाज सुरेख होता. गोड, गुळगुळीत, एसीत बसल्यासारखा. तिनं ओळ पुरी वाजवली. भिंतीला टेकलेले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. गंगाधर डोळे मिटून बसले होते, त्यांनी ते उघडले.

"हा कुणाचा बेंजो?" त्यांनी विचारलं.

राजाराम हळूच म्हणाले, "भिवाचं काढलं वाटतं यानं."

विहंगला काही कळेना. "कुणाचं?"

"काढलेलं कुठाय?" गंगाधरनी विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"ते... दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं मी. कचऱ्याबरोबर. शुक्रवारी गाडी येऊन गेली. जाळतात ते."

गंगाधरनी मान हलवली आणि परत डोळे मिटले. संघमित्रानं विहंगला दंडाला धरून बाहेर जिन्याशी नेलं.

"अडाणी?" ती म्हणाली. "भिवाकाका मिलमध्ये वायरमन होते. संपात घरी बसले होते, घरात दाणा नव्हता. तेव्हा भोंग्यातून बेंजो मागच्या लोकांपर्यंत पोचत नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या घरचा रेडिओ फोडला, त्यातला तो तुकडा काढला आणि या डबीत घातला. पप्पांसाठी. त्या घरात नंतर रेडिओ वाजला नाही. काका गेले, त्यालाही आता दहा वर्षं झाली. तो तुकडा तेवढा राहिला होता त्यांचा. आणि तू तो कचऱ्यात टाकलास."

"मला माहीत नव्हतं..."

"विचारायचंस ना मग. रोज दीडला फोन करत होतास. झुरळाबद्दल सांगितलंस, याच्याबद्दल नाही?"

विहंगचा चेहरा पांढरा पडला होता. "मला वाटलं... तुला आवडेल. सरप्राईज."

हे ऐकून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं काहीतरी लबाडी केली असती तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण हा माणूस मनापासून, आठवडाभर डोळे फोडून, तिच्या आनंदासाठी तिचं वाटोळं करून आला होता. तिनं पिशवीतून नारिंगी पेडल काढून त्याच्या हातात कोंबलं. "घेऊन जा तुझं ओलीस. आणि जा."

आत आल्यावर राजारामनी घसा साफ केला. "पोरी, शुक्रवारपर्यंत बघू आपण. नाहीतर विकासला फोन करायलाच लागेल मला."

* * *

सोमवारी दीडला फोन वाजला, तिनं उचलला नाही. मग दिवसभर तिला वाटत राहिलं की निदान परत तरी करायचा होता त्यानं. नाही केला. याचाही राग आला.

मंगळवारी संध्याकाळी ती समाज मंदिरात पोचली तर दारात दोन सुटकेस आणि त्यांच्यामधे विहंग. तो तिच्याकडे न बघता सरळ आत गेला आणि गंगाधरच्या खुर्चीसमोर उभा राहिला.

"काका, मी चुकलो. ज्यांना मी अडाणी म्हणालो, त्यांना जे कळलं होतं ते मला कळलं नाही. मला हात आहेत, कान नाहीत. कान तुमचे पाहिजेत."

गंगाधरनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बूट काढ आधी. समाज मंदिर आहे."

त्या गडबडीत खरंच बूट राहिले होते. तो तांबडाबुंद झाला आणि एका पायावर उड्या मारत बाहेर गेला. संघमित्रानं तोंड फिरवलं, कारण हसू येत होतं आणि हसायचं नव्हतं.

बाबुरावांकडून त्यानं जुने ट्रान्झिस्टर आणले होते, रेडिओत असायचे तसले. एकेक डबीत लावायचा, संघमित्रा वाजवायची, गंगाधर डोळे मिटून ऐकायचे.

"नाही. पातळ आहे."

"नाही. नाकात बोलतो हा."

"हा घाबरट आहे. पुढचा लाव."

साडेआठपर्यंत आणलेले सगळे संपले. विहंगनं चष्मा पुसला, सुटकेस उघडली. आत एकेक पेडल मऊ कापडात गुंडाळलेलं, शेजारी ओल धरू नये म्हणून पुड्या, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर साल. त्यानं एक काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि त्याचे स्क्रू काढायला लागला.

"काय करतोयस?" संघमित्रानं विचारलं.

"यांच्यातले काहीजण त्याच जातीचे आहेत. जुने. काढून बघतो."

"मग ही पेडलं वाजतील नंतर?"

"नाही."

तो काम करत राहिला. प्रत्येक वेळी तार सुटली की त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा, पेशंटऐवजी त्यालाच कळ आल्यासारखा. बुधवारी दोन गेली. गुरुवारी तीन. गुरुवारचं तिसरं नारिंगी होतं.

"ती नको," संघमित्रा पटकन म्हणाली.

"का?"

"सवय झालीय मला तिची."

"तिच्यातलाच सगळ्यात जुना आहे, मित्रा." मित्रा. असं तिला कुणीच म्हणत नव्हतं. तिला ते लगेच दुरुस्त करायचं होतं, आणि तिनं केलं नाही. ती स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात देऊन मोकळी झाली.

नारिंगीचा आवाज लागला तेव्हा गंगाधर म्हणाले, "बरा आहे. पण मार खाईल बाहेर." म्हणजे नाहीच.

त्या दिवशी सामान आवरताना ती त्याच्याजवळ बसली. "वाईट वाटतंय?"

"खूप," तो म्हणाला. एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. "पाचवीत असल्यापासून जमवतोय. कुणाला हात लावू दिला नाही. मी स्वतः सुद्धा नाही लावला."

"मग कशाला करतोयस?"

"चौदा तारखेला तू ट्रकवर बसावंस म्हणून. दुसरं कुणी तिथे बसलेलं मला बघवणार नाही. आणि ते माझ्यामुळे झालेलं तर मुळीच नाही."

संघमित्रा उठली आणि उगाच वायरी गुंडाळायला लागली. माणसावर धड रागावताही येऊ नये, याचा तिला फार वैताग आला होता.

शुक्रवारी त्यानं सातवं पेडल उघडलं. ते लागलं, तिनं वाजवलं, आणि गंगाधरनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. राजारामचा हात आपोआप ढोलकीवर गेला. दोन कडवी झाली. मग कुणीतरी पंखा बंद केला, आणि दहा मिनिटांत आवाज हळूहळू बसायला लागला, घसा धरल्यासारखा.

"गरम झाला की बदलतो," विहंग म्हणाला. कपाळावर घाम होता. "या जुन्या मालाची खोडच आहे ती."

"भिवाचा पण बदलायचा," गंगाधर म्हणाले. "मी सावलीत ठेवायचो."

म्हाताऱ्यांची जरा कुजबुज झाली. शेवटी राजारामनी निकाल दिला: पोरगी ट्रकवर बसेल. पण विकास मशीन घेऊन मागच्या बाजूला तयार राहील. उन्हात आवाज पडला, की तिनं उठायचं.

* * *

चौदा एप्रिल. दुपारचे तीन. डांबर मऊ झालं होतं. ट्रकवर पुढे बाबासाहेबांची हार घातलेली तसबीर, तिच्यावर छत. मागे भोंगे, जनरेटर, ढोलकीसह राजाराम, आणि फळीवर बेंजो घेऊन संघमित्रा. तिच्या पायाशी हिरवी डबी. मागच्या कोपऱ्यात विकास, मांडीवर मशीनची बॅग. तो काही वाईट मुलगा नव्हता, पण बॅगेची चेन त्यानं अर्धी उघडून ठेवली होती आणि ती चेन संघमित्राला सारखी दिसत होती.

ट्रक सुटणार तेवढ्यात विहंग चढला. पांढरा शर्ट, हातात काळी छत्री. तो उकिडवा बसला, छत्री उघडली आणि डबीवर धरली.

"आलास?" ती म्हणाली. "घरी काय सांगितलंस?"

"खरं तेच. आईला म्हटलं, आज जेवायला नाही, जयंतीच्या ट्रकवर आहे. ज्या मुलीबद्दल बोललो, तिच्याबरोबर."

"...मग?"

"आईनं आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, पाणी भरपूर पी."

संघमित्रानं त्याच्याकडे नीट बघितलं. मग स्वतःकडे, घामानं चिकटलेल्या पांढऱ्या साडीकडे. "छत्री डबीसाठी आणलीयस?"

"हो."

"आणि मी इथे भाजतेय ती?"

"तू गरम झालीस तरी तुझा आवाज बदलत नाही. चांगला अनुभव आहे मला."

तिनं त्याला मारायला हात उचलला, पण राजारामनी ठेका धरला होता. तिनं तो हात तारांवर आणला.

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. लालबागच्या वळणावर गॅलऱ्या भरल्या होत्या, खाली पोरी नाचत होत्या. तिसऱ्या गाण्याच्या मधेच ट्रकनं करकचून ब्रेक मारला. पुढच्या केबिनचं दार उघडलं आणि गंगाधर काठी टेकत खाली उतरले. बेंजो थांबला. ढोलकी थांबली. विकासच्या बॅगेची चेन पुरी उघडल्याचा आवाज संघमित्राला स्पष्ट ऐकू आला.

गंगाधर ट्रकच्या बाजूनं मागे आले. त्यांना यायला एक जन्म लागला, असं तिला वाटलं. त्यांनी वर बघितलं, पण तिच्याकडे नाही.

"डॉक्टर."

"हो, काका."

"हा भिवाचा आवाज नाही."

संघमित्रानं बेंजोवरचे हात काढून घेतले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते विकाससमोर पडू द्यायचं नव्हतं, म्हणून ती उगाच भोंग्याकडे बघत राहिली. ती उठायला लागली.

"बस खाली," गंगाधर तिला म्हणाले. "माझं बोलणं संपलं नाही. भिवाचा आवाज भिवाचा होता. मी त्यावर माझी चाळीस वर्षं काढली. तो काय आता मिळत नसतो, आणि मी काय वेडा नाही तो शोधत बसायला. पुढे केबिनमध्ये बसून ऐकत होतो. हा हिचा आहे. समोरून ऐकावा म्हणून उतरलो." त्यांनी काठी उचलून मागच्या कोपऱ्याकडे दाखवली. "राजाराम, विकासला सांग, चेन लाव म्हणावं."

विकासनं सांगायच्या आधीच लावली.

"आणि तू," गंगाधर विहंगला म्हणाले, "आता ती डबी परत उघडायची नाहीस. साफ करायची नाहीस. पुसायची पण नाहीस."

"नाही पुसणार, काका."

गंगाधर केबिनमध्ये जाऊन बसले. ट्रक हलला, ढोलकी सुरू झाली, आणि संघमित्रानं सुटल्यासारखं वाजवायला घेतलं. आता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. विहंगनं खिशातून रुमाल काढला, एका हातानं छत्री सांभाळत दुसऱ्या हातानं तिचे गाल पुसले. दातांच्या डॉक्टरचा हात, खरंच साफ आणि हलका.

"ऐक," ती वाजवता वाजवता म्हणाली. "मला तू आवडतोस."

त्याचा हात तिच्या गालापाशीच राहिला.

"आणि मला त्याचा भयंकर वैताग आलाय. सांगून ठेवते. परत परत सांगणार नाही."

"मला तर बाबुरावांच्या दुकानापासूनच..."

"खोटं बोलू नकोस. तेव्हा तुला डबी आवडली होती."

"डबी आधी," त्यानं कबूल केलं. "तू साधारण दहा मिनिटांनी."

आणि मग त्या त्रेचाळीस पेडलांच्या, नव्हे छत्तीस पेडलांच्या मालकानं, डबीवरची छत्री उचलली आणि तिच्या डोक्यावर धरली.

परळ येईपर्यंत डबी तापली. आवाज बसला, फाटला, एक तार तर भांडायलाच उठली. केबिनच्या खिडकीतून गंगाधरचा डावा हात बाहेर आला आणि त्या हातानं ट्रकच्या पत्र्यावर जोरजोरात थापा मारल्या.

"अरे, डबी," संघमित्रा म्हणाली. "पप्पा ओरडतायत."

"तू उन्हात बसलीयस."

"मग मधे धर ना. एवढंही सांगायला लागतं?"

त्यानं छत्री मधे धरली. अर्धी सावली डबीवर, अर्धी तिच्यावर, आणि तो स्वतः सगळाच्या सगळा उन्हात. नाक लाल, चष्म्यावर घाम, आणि चेहऱ्यावर ते हसू. आवाज हळूहळू जागेवर यायला लागला. तिनं पुढचं कडवं उचललं, आणि तारांवरून नजर न काढता म्हणाली, "जवळ सरक, मूर्खा. तिघांना पुरते."

तो सरकला.